आदिलाबादच्या गावगाड्यातील माशी

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर पसरलेल्या आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास आजवर गोंड राजघराणी, निजामी राजवटीचे जंगलखाते, गोंड पुढारी कुमराम भीम यांचा लढा आणि काळ्या मातीतला कापूस या अंगांनी लिहिला गेला आहे. या सर्व अंगांच्या तळाशी शेण, पाऊस, बैल आणि ज्वारी यांवर उभे असलेले जे दैनंदिन जीवन होते, त्याची घडी बसवण्यात एका अगदी लहान जिवाचा वाटा होता, ही गोष्ट मात्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटलेली दिसते. पेरणी कधी करावी, शेणाचे काय करावे, बैलाच्या खांद्याला लोणी-हळद का चोळावी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाच्या शिवेवर काय नेऊन टाकावे, या वरवर एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रश्नांची उत्तरे तपासली, तर त्यांच्या मागे माशीच्या जीवनक्रमाचे गणित उभे असलेले आढळते. आणि हे गणित शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यावाचून, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून काढलेले होते.

पूर्वी सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाणारा हा भाग १९०५ साली हैदराबाद संस्थानात स्वतंत्र जिल्हा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे मराठीबहुल तालुके त्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले, आणि २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. सीमा अशा बदलत राहिल्या, तरी बेला, जैनद, तलमडगू, तांसी या पट्ट्यातील कुणबी, माळी, महार, मांग अशा समाजांची, आंध आदिवासींची आणि गोंडांचे पिढीजात गायक असलेल्या परधानांची भाषा मराठीच राहिली. त्यांचे सणवार, नक्षत्रांची नावे आणि गुरांच्या दुखण्यांची नावेही पलीकडच्या यवतमाळ-चंद्रपुराशी जुळणारी राहिली. उटनूर-जैनूरच्या डोंगराळ भागातले राज गोंड हे बैलाने नांगरणारे शेतकरी असून ज्वारी हे त्यांचे मुख्य अन्न होते, तर त्यांच्या शेजारचे कोलाम पूर्वी डोंगरउतारावर फिरती शेती करीत. भाषा व धर्माचार निरनिराळे असले, तरी पाऊस सर्वांवर सारखाच पडे, आणि त्या पावसाबरोबर येणाऱ्या माशाही सर्वांच्या वाट्याला सारख्याच येत.

घरमाशीचे शास्त्रीय नाव मस्का डोमेस्टिका. ते कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली दिले. माश्या, डास, चिलटे हे सर्व कीटक द्विपंखी गणात मोडतात, म्हणजे त्यांना चारऐवजी दोनच पंख असतात. मागच्या पंखजोडीचे रूपांतर दोन बारीक मुठीसारख्या अवयवांत झालेले असते, त्यांना संतोलक म्हणतात, आणि उडताना शरीराचा तोल सांभाळणे हे त्यांचे काम असते. घरमाशीला चावता येत नाही. तिच्या सोंडेच्या टोकाला मऊ, खाचांची गादी असते व ती केवळ पातळ पदार्थ शोषू शकते. म्हणून साखर किंवा भाकरीसारख्या कोरड्या अन्नावर बसल्यावर ती आधी लाळ आणि पोटातला द्रव त्यावर सोडते, अन्न विरघळवते आणि मग ते ओढून घेते. चव ओळखणारी केसाळ इंद्रिये तिच्या पायांवरही असतात, त्यामुळे शेणावरून उठून ताटावर उतरताना ती पाय टेकवूनच अन्नाची पारख करते. माशीपासून होणाऱ्या उपद्रवाचे सारे मूळ या दोन गोष्टींत आहे : ती अन्न आणि घाण यांत भेद करीत नाही, आणि अन्न खाण्यापूर्वी त्यावर पोटातले काहीतरी टाकते.

मादी एका वेळी साधारण शंभराच्या आसपास, आणि आयुष्यात चार-पाचशेपर्यंत अंडी घालते. पांढरी, तांदळाच्या कणीहूनही बारीक अशी ही अंडी ओलसर शेणाच्या भेगांत ठेवली जातात व उबदार दिवसांत चोवीस तासांच्या आत फुटतात. त्यांतून निघालेली पाय नसलेली अळी चार-पाच दिवसांत दोनदा कात टाकते, पूर्ण वाढते आणि मग वागणूक बदलते : इतके दिवस ओल शोधणारी अळी आता कोरडी, अंधारी जागा शोधू लागते, उकिरड्याच्या कडेला किंवा शेजारच्या मातीत शिरते आणि आपल्याच शेवटच्या कातडीचे कठीण, तपकिरी कवच करून कोषात जाते. काही दिवसांनी आतली माशी डोक्यावरची एक पिशवी फुगवून त्या कवचाचे टोक उघडते आणि मातीतून वर येते. उबदार व दमट हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा हा प्रवास दहा-बारा दिवसांत पुरा होतो. हवा थंड असेल तर त्यालाच कित्येक आठवडे लागतात. आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सर्वांत कडक मानला जातो. पौष अमावास्येला केसलापूर येथे मेसराम कुळाच्या नागोबाची मोठी जत्रा भरते, ती याच थंडीच्या दिवसांत. त्यामुळे हजारो माणसे आणि गाड्या-बैल एका माळावर कित्येक दिवस मुक्कामाला असूनही त्या जत्रेवर माश्यांचा जोर उन्हाळ-पावसाळ्यात भरणाऱ्या जत्रांइतका राहत नाही.

या जीवनक्रमातला निर्णायक भाग म्हणजे अळीचे ते चार-पाच दिवस. तेवढा काळ शेण ओले राहिले तर माशी जन्मते, त्याआधी ते सुकले तर अळी मरते. एवढे लक्षात घेतले म्हणजे या भागातल्या शेणाच्या जुन्या व्यवहाराकडे नव्या नजरेने पाहता येते. दिवाळीनंतर ज्येष्ठापर्यंत, म्हणजे कोरड्या दिवसांत, गोठ्यातले शेण रोजच्या रोज गोळा करून त्याच्या गोवऱ्या थापल्या जात. भिंतीवर किंवा माळावर थापलेली बोटभर जाडीची गोवरी कडक उन्हात दोन-तीन दिवसांत वरून-खालून वाळते, आणि तिच्यात अंडी घातली गेली असली तरी अळी पुरी वाढण्याआधीच ओल संपते. जमीन सारवणे, अंगणात सडा टाकणे यांतही शेणाचा थर इतका पातळ असतो की तो काही तासांत सुकून जातो. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने गावातले बहुतेक शेण अशा रूपात वापरले जाई की माशीला त्याचा उपयोग नव्हता. गोवरीचा मूळ हेतू सरपणाचा होता हे खरे. परंतु हेतू कोणताही असो, परिणाम माशीच्या वाढीला आळा घालण्यात होत असे, आणि सामाजिक इतिहासात परिणामांचीही नोंद हेतूइतकीच काळजीपूर्वक घ्यावी लागते.

मृग नक्षत्र लागले की ही सारी व्यवस्था मोडते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून हवेत दमटपणा येतो, ऊन नाहीसे होते, गोवऱ्या थापणे बंद पडते आणि शेण थेट उकिरड्यावर जाऊ लागते, कारण पुढच्या हंगामासाठी खतही लागणारच असते. गुरे दिवसाचा बराच वेळ गोठ्यात उभी राहतात. शेण, मूत आणि तुडवलेला कडबा यांचा चिखल खुराखाली साचतो. पाणी साचून राहिलेल्या शेणात अळी टिकत नाही, पण ज्या उकिरड्यावरून पाणी निथळून जाते व आत ऊब राहते, तो तिच्यासाठी सर्वांत अनुकूल असतो. मृगापासून श्रावण अमावास्येपर्यंतचे दिवस मोजले तर ते सुमारे अडीच ते तीन महिने भरतात, आणि दहा-बारा दिवसांची एक पिढी धरली तर तेवढ्या काळात घरमाशीच्या सहा ते आठ पिढ्या होऊन जातात. प्रत्येक पिढीत माद्यांची संख्या वाढत गेल्याने वाढ सुरुवातीला डोळ्यांत भरत नाही; ती शेवटच्या दोन-तीन पिढ्यांत एकदम जाणवते. श्रावणाच्या अखेरीस, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, गावातला माश्यांचा त्रास कळसाला पोचतो, याचे कारण हे आहे.

घरमाशीखेरीज पावसाळ्यात गुरांच्या वाट्याला येणाऱ्या माश्या वेगळ्या आहेत आणि त्यांचा छळ अधिक थेट आहे. तबेल्यात आढळणारी चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच असते, पण तिची सोंड पुढे रोखलेली, कठीण व टोकदार असते. नर व मादी दोघेही गुरांच्या पायांतून रक्त ओढतात, आणि गुरे एकसारखी पाय आपटू लागतात ती या माशीमुळे. तिची अळी शेण आणि कडब्याच्या कुजक्या मिश्रणात वाढते, म्हणजे गोठ्यातला चिखल हेच तिचे घर. घोडमाशी मोठी असते, तिच्या माद्याच रक्त पितात आणि अंडी पाण्याजवळच्या वनस्पतींवर घालतात, म्हणून ओढ्याकाठच्या चराईत तिचा उपद्रव जास्त. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याने डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंट यांच्या रक्तात सर्रा रोगाचे जंतू शोधले. हे जंतू एका जनावराच्या रक्ताने माखलेल्या सोंडेवरून दुसऱ्याच्या अंगात जातात आणि हे काम प्रामुख्याने घोडमाश्या करतात, ही गोष्ट पुढच्या संशोधनातून स्पष्ट झाली. संध्याकाळी गोठ्याच्या तोंडाशी कडुलिंबाचा ओला पाला आणि गोवरी यांचा धूर करण्याची जी रीत पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर दिसते, तिचा उपयोग घरमाशीपेक्षा या रक्तपिपासू माश्यांवर आणि डासांवर अधिक होत असे.

परंतु शेतकऱ्याला सर्वांत जास्त धास्ती असे ती जखमेत किडे पडण्याची. क्रिसोमिया बेझियाना नावाची निळसर-हिरवी चकचकीत माशी उकिरड्याकडे फिरकत नाही; तिला जिवंत जनावराची ओली जखम लागते. जखमेच्या काठावर ती दीडशे-दोनशे अंडी एका झुबक्यात चिकटवते, दिवसभरात अळ्या बाहेर पडतात आणि डोके मांसात खुपसून, शेपटाकडचे श्वसनछिद्र तेवढे वर ठेवून त्या जिवंत मांस खात आत शिरतात. पाच-सात दिवसांत त्या पूर्ण वाढून खाली मातीत पडतात, पण तोवर जखमेच्या वासाने दुसऱ्या माश्या येऊन नवी अंडी घालून गेलेल्या असतात, आणि बोटाएवढी जखम मुठीएवढी होते. मराठी शेतकरी याला आसाड्या पडणे म्हणतो. सीताफळाची पाने ठेचून त्यांचा रस जखमेत पिळणे व त्याच पाल्याचा लगदा वर बांधणे हा त्यावरचा सर्वत्र परिचित उपाय. सीताफळाच्या पानांत आणि बियांत कीटकांना मारक अशी द्रव्ये असल्याचे रसायनशास्त्रानेही दाखवून दिले आहे. आदिलाबादच्या माळरानांवर आणि बांधांवर सीताफळ आपोआप वाढते, त्यामुळे हे औषध कुणाला विकत घ्यावे लागत नसे.

बैलाला ओली जखम होण्याचे सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे खांदा. वखरणी, पेरणी आणि डवरणी या कामांत मृगापासून श्रावणापर्यंत जू मानेवर राहते, पावसाने भिजलेली कातडी मऊ पडते, लाकडाच्या घर्षणाने ती सोलवटते, आणि नेमक्या याच दिवसांत जखमेवर अंडी घालणाऱ्या माश्याही भरपूर असतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी होणारी खांदेमळणी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. त्या दिवशी बैलांना नदी-ओढ्यावर नेऊन धुतात, त्यांच्या खांद्याला लोणी किंवा तूप व हळद यांनी चोळून शेकतात, दुसऱ्या दिवशी जेवायला येण्याचे आमंत्रण देतात, आणि तेव्हापासून पोळा संपेपर्यंत त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. घरच्या धन्याचा हात बैलाच्या खांद्यावरून सावकाश फिरत असताना सूज, कातडीखालचा पू, केसांखाली दडलेली चीर आणि तिच्या काठावरचा अंड्यांचा पांढरा झुबका हे सर्व बोटांना लागते. वर्षातून एकदा, माश्यांच्या ऐन हंगामात, गावातल्या प्रत्येक बैलाच्या खांद्याची अशी तपासणी एकाच संध्याकाळी होऊन जाते. हळदीच्या गुणाविषयी बरेच बोलले जाते, पण खांदेमळणीचे खरे महत्त्व या स्पर्शात आणि त्यानंतरच्या विश्रांतीत आहे असे म्हणावेसे वाटते. सणाने शेतकऱ्याला जनावराजवळ थांबायला लावले, आणि त्या थांबण्यातच उपचार होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा विधी हा याच सणाचा दुसरा अर्धा भाग. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या आदिलाबादच्या मराठी गावांत पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या करण्याची चाल आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून गावाबाहेर नेल्या जातात, आणि नेताना रोगराईबरोबर माश्या-मुरकुटांनाही नावे घेऊन गावाबाहेर जायला सांगितले जाते. जिला हे सारे घेऊन जायला सांगायचे, ती मारबत. नागपूर शहरात या चालीला मिरवणुकीचे रूप मिळाले. तिथली काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, आणि आज तिला प्रचंड पुतळ्यांचे व राजकीय टीकेचे रूप आले आहे. खेड्यांत मात्र तिचे मूळ स्वरूप साधे राहिले. गोंड वस्त्यांमध्ये पावसाळ्याच्या चिखलाच्या दिवसांत मुले बांबूच्या उंच पायकाठ्यांवर चढून चालतात, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या पायकाठ्या मिरवत नेऊन शिवेपलीकडे टाकल्या जातात. त्यांच्याबरोबर गावातली रोगराईही जावी अशी त्यामागची धारणा. दोन निरनिराळ्या भाषांच्या समाजांत एकच दिवस, एकच दिशा आणि एकच हेतू आढळतो, आणि हा दिवस माश्यांच्या संख्येच्या कळसाशी येऊन मिळतो.

या जुळणीचा अर्थ लावताना दोन टोके टाळायला हवीत. पळसाची फांदी शिवेपलीकडे टाकल्याने एकही माशी मरत नाही, म्हणून या विधीला जुन्या काळचे आरोग्यशास्त्र म्हणणे चूक आहे. आणि केवळ अंधश्रद्धा म्हणून तो बाजूला सारणेही तितकेच चूक, कारण त्यात रोगराई आणि माश्या यांची नावे एका दमात घेतली जातात, आणि ही सांगड युरोपीय वैद्यकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घातली. विधीने कारण सांगितले नाही, परंतु कोणत्या गोष्टी बरोबर येतात आणि कधी येतात हे त्याने अचूक धरून ठेवले. रोग आणि माशी यांचे हे सहअस्तित्व पाहणाऱ्या माणसांना जंतू दिसत नव्हते. त्यांना दिवस दिसत होते.

माशीने या प्रदेशाच्या शेतीत आणखी एका वाटेने प्रवेश केला होता, आणि तिथे तिचे नाव खोडमाशी. ज्वारीवर येणारी ही करडी, घरमाशीहून लहान माशी घरमाशीच्याच कुळातली आहे. तिचे शास्त्रीय नाव अथेरिगोना सोकाटा. ज्वारीचे रोप एक ते चार आठवड्यांचे असताना मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक सुटे, लांबट पांढरे अंडे घालते. अळी बाहेर येताच पानावरून खाली सरकत पोंग्यात, म्हणजे अजून न उलगडलेल्या मधल्या पानांच्या गुंडाळीत, उतरते आणि वाढीचा कोंब बुडाशी कापते. मग त्या कुजणाऱ्या गाभ्यावर ती जगते. दोन-चार दिवसांत मधले पान पिवळे पडून सुकते, आणि ओढले तर सहज हातात येऊन त्याच्या टोकाला कुजल्याचा वास येतो. ही पोंगेमर. रोप एकदा महिन्याचे झाले की त्याला धोका फारसा उरत नाही. म्हणून खोडमाशीशी ज्वारीचा सारा झगडा हा वेळेचा झगडा आहे.

खोडमाशीची संख्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत वाढलेली असते. पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवडा-दहा दिवसांत पेरलेली खरीप ज्वारी माशीची संख्या वाढण्याआधीच कोवळेपण ओलांडते, पण पेरणी लांबली तर उशिराच्या शेतातली रोपे मोठ्या प्रमाणावर जातात. उलट रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घाईने पेरली तर ती माशीच्या तोंडी सापडते, आणि त्यानंतर पेरली तर बरीचशी वाचते. ज्वारीच्या दोन्ही हंगामांची पेरणी अशा रीतीने माश्यांच्या जोराच्या दिवसांना मध्ये मोकळे सोडून दोन बाजूंना सरकलेली आहे, आणि त्या मोकळ्या दिवसांतच पोळा येतो. दाट पेरून मागाहून मेलेली रोपे उपटून टाकण्याची जुनी पद्धतही याच अनुभवातून आलेली असावी, कारण आजचे कृषिशास्त्रही खोडमाशीच्या भागात बियाणे वाढवून पेरण्याचा सल्ला देते. १९७२ साली हैदराबादजवळ पटानचेरू येथे स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने खोडमाशीला तोंड देणारे ज्वारीचे वाण निवडण्यासाठी दीर्घकाळ काम केले. शेतात माश्या मुद्दाम आकर्षित करण्यासाठी तिथे ओल्या मासळीच्या भुकटीचा वापर होई, कारण पीक खाणाऱ्या या माशीच्या माद्यांनाही कुजणाऱ्या प्रथिनांची ओढ आपल्या कुळाच्या स्वभावाप्रमाणे असतेच.

माणसाच्या वस्तीचा इतिहास या विषयापासून वेगळा काढता येत नाही. राज गोंडांच्या वस्त्या पूर्वी आजच्याइतक्या पक्क्या नव्हत्या. बांबूच्या कुडाची आणि गवती छपराची घरे असत. साथ आली, एकामागून एक माणसे वा गुरे दगावली, तर वस्ती उचलून काही अंतरावर नवीन जागी बसवली जाई. त्यामागे देवाचा कोप आणि जागेचा दोष ही कल्पना होती, परंतु जागा सोडताना लोक जुना उकिरडा, गोठ्याखालची मुरलेली माती आणि दूषित झालेला पाणवठाही मागे सोडीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या जंगलखात्याने राखीव वनांच्या हद्दी आखायला सुरुवात केल्यावर ही मोकळीक संपली. वस्त्या आखलेल्या रेषांच्या आत कोंडल्या गेल्या, कित्येक उठवल्या गेल्या, आणि त्यातून पेटलेल्या असंतोषाचा शेवट १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम आणि त्यांचे साथी मारले जाण्यात झाला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी मार्लवाई येथे मुक्काम ठोकून गोंडांचा अभ्यास केला. त्यांचा ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रयत्नांनी गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, शाळा निघाल्या आणि वस्त्यांना कायदेशीर स्थैर्य आले. जमिनीवरचा हक्क ही फार मोठी प्राप्ती होती, आणि तिची किंमत कमी लेखता येणार नाही. पण वस्ती कायमची झाली तसा उकिरडाही कायमचा झाला, आणि घाणीपासून दूर निघून जाण्याचा जो एक उपाय लोकांच्या हाती होता तो गेला, त्याच्या जागी दुसरा उपाय कित्येक दशके आला नाही.

याच्या आधीच जगभरच्या वैद्यकात माशीची चौकशी सुरू झाली होती. १८९७ साली ब्युकॅनन या वैद्यकीय अधिकाऱ्याने बंगालमधील बर्दवान तुरुंगातील पटकीची हकीकत प्रसिद्ध केली : तुरुंगाबाहेरच्या झोपड्यांत पटकी होती, वाऱ्याबरोबर तिकडून माश्या आत आल्या, आणि त्या बाजूला जेवायला बसणारे कैदीच आजारी पडले. १८९८ च्या अमेरिका-स्पेन युद्धात छावण्यांतील विषमज्वराची तपासणी करणाऱ्या वॉल्टर रीड यांच्या मंडळाला शौचखड्ड्यांत टाकलेला चुना भोजनाच्या तंबूंतल्या माश्यांच्या पायांवर दिसला. पटकी मुख्यतः पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी १८५४ साली लंडनमध्ये दाखवले होते आणि ते आजही खरे आहे. माशीचा वाटा आमांशात अधिक मोठा आहे, कारण आमांशाचे काही जंतू शंभराच्या आत असले तरी रोग होऊ शकतो, आणि इतके जंतू माशीच्या पायांवरून सहज जातात. पाकिस्तानातल्या पंजाबमधील खेड्यांत केलेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक अभ्यासात माश्यांवर नियंत्रण ठेवल्याने लहान मुलांमधील जुलाबांचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेले आढळले. आदिलाबादच्या डोंगराळ वस्त्यांत पावसाळ्याच्या आरंभी हगवणीच्या साथी येत राहिल्या, त्यांत ओढ्याचे पाणी आणि माशी ही दोन्ही कारणे एकत्र काम करीत.

माणसाच्या विष्ठेत वाढणारी माशी पुन्हा निराळी. बाजारमाशी म्हणून ओळखली जाणारी मस्का सॉर्बेन्स मुख्यतः उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेत अंडी घालते आणि लहान मुलांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर बसते. डोळ्यांना अंधत्वाकडे नेणाऱ्या खुपऱ्या रोगाच्या प्रसारात तिचा मोठा हात असतो. झाकलेल्या शौचखड्ड्यात ही माशी वाढू शकत नाही, म्हणून तिच्यावरचा उपाय औषधाचा नसून मातीचा आहे. गांधीजींनी वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे विष्ठा मातीआड करून तिचे सोनखत करण्याचा आग्रह धरला. गाडगेमहाराजांनी हातात खराटा घेऊन गावे झाडली. आणि पैनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत ज्यांची भजने गायली जातात त्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धीला स्वतंत्र स्थान दिले. शौचालये, स्वच्छ पाणी आणि औषधोपचार यांच्या जोडीने देशभर जे काम झाले, त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचे जाहीर केले.

डीडीटीचा अध्याय त्या मानाने लहान आहे. हिवतापविरोधी राष्ट्रीय मोहीम १९५३ साली सुरू झाल्यावर घरांच्या भिंतींवर या कीटकनाशकाची फवारणी होऊ लागली, डासांबरोबर घरमाश्याही काही काळ नाहीशा झाल्या, पण दहा-बारा दिवसांची पिढी असलेल्या जिवात औषध पचवणारे वाण फार लवकर निवडले जातात. स्वीडनमध्ये १९४६ सालीच अशा माश्या आढळल्या होत्या. टिकला तो शेणखताचा उपाय. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे विकसित केलेल्या पद्धतीत शेण, पालापाचोळा आणि माती यांचे थर रचून ढीग ठराविक दिवसांनी खालीवर केला जातो. आतली उष्णता साठ अंशांच्या आसपास जाते, पन्नास अंशांच्या पुढे माशीची अळी जगत नाही, आणि ढीग उलटला की थंड कडेला पळून आलेल्या अळ्या पुन्हा मध्यभागी सापडतात. उघडा उकिरडा आणि असा ढीग यांत लागणारे साहित्य सारखेच असते. फरक फावड्याचा असतो.

आज बेला-जैनदच्या काळ्या मातीत ज्वारीची जागा कापसाने घेतली आहे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी गुरे कमी झाली, आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. खोडमाशीला शेत उरले नाही आणि गोठ्यातल्या माश्यांची वीणही आटली. तेलंगण सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या पल्ले प्रगती योजनेत ग्रामपंचायतींना कचरा वाहण्यासाठी ट्रॅक्टर आणि गावाबाहेर कचराडेपो मिळाला. त्या डेपोवर जाणाऱ्या कचऱ्यात शेण थोडे, आणि स्वयंपाकघरातली ओली घाण, बाजारातला सडका भाजीपाला व कोंबड्यांची पिसे-आतडी जास्त असतात, आणि घरमाशीला ही सर्व चालतात. ती सहज एक-दोन किलोमीटर उडते, तर डेपो बहुधा त्याहून जवळ असतो. तेव्हा ओला कचरा तिथे पोचल्यापासून आठवड्याच्या आत मातीआड होतो की नाही, किंवा ढीग रचून उलटला जातो की नाही, यावरच आता या गावांतल्या माश्यांची संख्या ठरते.